केंद्रीय क्रीडामंत्र्यांना खुले पत्र : आधी पगाराची हमी, मग वेळापत्रक

प्रति,
मा. क्रीडामंत्री, भारत सरकार,
नवी दिल्ली

विषय : व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या पगाराला बँक हमी मिळण्याबाबत

माननीय महोदय,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, गेल्या रविवारी माझ्याकडे सरावाला येणारा १९ वर्षांचा एक मुलगा ११ पानी करार घेऊन घरी आला. सोबत त्याचे वडील होते. परराज्यातला क्लब, एका हंगामाचा करार, महिन्याला २८ हजार. "सर, तुम्ही एकदा नजरेखालून घाला, मग पोरगं सही करतंय," वडील म्हणाले. मी सगळी पानं दोनदा वाचली. बोनस किती, सरावाला उशीर झाला तर दंड किती, बूट कुणी आणायचे, सगळं होतं. क्लबनं पगारच दिला नाही तर काय, याबद्दल मात्र त्यात काही नव्हतं. मी त्यांना थांबायला सांगितलं आहे.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल पेठेत आणि तालमीत वाढतो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ ही नावं इथल्या पोराला शाळेत जायच्या आधी पाठ असतात. मीही तसाच शाहू स्टेडियमवर पोचलो आणि तिथून बाहेर पडलो. २००९ ते २०२२ या १३ वर्षांत ८ क्लबांकडून लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, म्हणून खेळलो. भारताची जर्सी कधी मिळाली नाही, टीव्हीवर मोजके सामने आले. बहुतेक करार एका हंगामाचे, म्हणजे ९-१० महिन्यांचे. मे-जूनमध्ये पगार नाही, आणि जुलैत कुणाचा फोन येतो याकडे डोळे. आपल्या देशात फुटबॉलवर पोट भरणारे बहुतेक जण असेच आहेत. हे पत्र त्यांच्या वतीनं आहे.

एक प्रसंग सांगतो. क्लबचं नाव लिहीत नाही. मार्च महिना होता. सकाळचा सराव संपल्यावर टीम मॅनेजरनी आम्हाला सेंटर सर्कलमध्ये बसवलं आणि मालकांनी या हंगामानंतर टीम बंद करायचं ठरवल्याचं सांगितलं. पाच मिनिटांत विषय संपला. मग किटमन वही घेऊन आला. प्रत्येकानं अंगावरचा बिब, म्हणजे सरावाचं बिनबाह्यांचं जाकीट, काढून द्यायचा होता. माझा घामानं चिंब भिजलेला बिब त्यानं हातात घेतला, पिळला, पोत्यात टाकला आणि वहीत टिक केली. बिब २४, बॉल ३०. दोन बॉल कमी भरले म्हणून आम्ही सगळे गोलच्या मागच्या झुडपात शोधायला गेलो, आणि ते सापडलेही. त्या दिवशी आमचा ४ महिन्यांचा पगार बाकी होता. किटमनचाही बाकी होता. तो आजही बाकी आहे.

क्लबनं घेतलेल्या फ्लॅटमध्ये आम्ही सहा जण राहायचो. भाडंही थकलेलं होतं, म्हणून आठवड्याभरात घरमालक दारात आला. माणूस वाईट नव्हता, पण त्यालाही हप्ते होते. आमच्यातल्या मणिपूरच्या गोलकीपरनं गावी जायच्या तिकिटासाठी आपले नवे ग्लोव्हज विकले. मी घरी फोन केला आणि आईला सांगितलं की हंगाम लवकर संपला. पुढे आम्ही तक्रार केली, कागद दिले, आणि बऱ्याच महिन्यांनी निकाल आमच्या बाजूनं लागला. तोवर वसुली करायला क्लबच उरला नव्हता. ऑफिसला दुसऱ्याच कंपनीची पाटी होती.

महोदय, नियम नाहीत असं मी म्हणत नाही. दोन महिन्यांचा पगार थकला तर १५ दिवसांची नोटीस देऊन करार मोडण्याची मुभा फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेनं २०१८ मध्ये खेळाडूला दिली. पण जानेवारीच्या शेवटी करार मोडून फेब्रुवारीत जायचं कुठं? ट्रान्स्फर विंडो, म्हणजे क्लब बदलायची मुदत, बंद, सगळ्या टीम भरलेल्या. परदेशी खेळाडूला थेट फिफाचं दार ठोठावता येतं, आम्हाला देशातल्याच समितीकडे जावं लागतं. क्लबला लीगमध्ये खेळायचं लायसन्स देतानाही खेळाडूंची थकबाकी नसावी अशी अट आहे, आणि पैसे बुडवले तर नवे खेळाडू घेण्यावर बंदी येते.

पण जो मालक दुकानच बंद करतोय, त्याला पुढच्या वर्षीचं लायसन्स कशाला हवं? नवे खेळाडू घ्यायला बंदी घातली तर त्याचं काय जातं? आपल्याकडची प्रत्येक शिक्षा ही ज्याला पुढे खेळायचं आहे त्याच्यासाठी आहे. सोडून जाणाऱ्याला धाक बसेल असं काहीच नाही, आणि आमचे पैसे बुडतात ते नेमके सोडून जाणाऱ्यांकडे.

सोडून जाणारे थोडे नाहीत. नॅशनल फुटबॉल लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पंजाबचा जेसीटी २०११ मध्ये. त्या वेळच्या अव्वल आय-लीगमध्ये २०१२-१३ ला दुसरा आलेला पुणे एफसी काही वर्षांतच गुंडाळला गेला. भारत एफसी जेमतेम एक हंगाम टिकला. डीएसके शिवाजीयन्स आणि मुंबई एफसी २०१७ पर्यंत, एफसी पुणे सिटी २०१९ पर्यंत. यातले पुण्यातल्या बालेवाडीच्या एकाच मैदानाला घर म्हणणारे चार क्लब पाचेक वर्षांत गेले. पुणे सिटीच्या जागी हैदराबाद एफसी आला. त्यानं २०२१-२२ ला आयएसएल (इंडियन सुपर लीग) ही देशातली सगळ्यात वरची लीग जिंकली, मग तिथेही पगार थकले, आणि २०२५ मध्ये तो क्लब दिल्लीला गेला. गोव्यात साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो एकाच वर्षी, २०१६ मध्ये, आय-लीगमधून बाहेर पडले. यातल्या प्रत्येकानं पगार बुडवला असं माझं अजिबात म्हणणं नाही. काहींनी शेवटचा रुपया चुकता केला, आणि खेळाडू त्यांचं नाव आजही आदरानं घेतात. पण पैसे मिळणं न मिळणं मालकाच्या सज्जनपणावर सोडलेलं होतं, आणि अजूनही आहे.

२०२५ मध्ये ही आग वरच्या मजल्यापर्यंत पोचली. देशातल्या फुटबॉलचा कारभार बघणाऱ्या फेडरेशनचा, आयएसएल चालवणाऱ्या कंपनीबरोबरचा वर्षाला ५० कोटींचा व्यावसायिक करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार होता. तो पुढे सरकेना म्हणून जुलैमध्ये आयएसएल स्थगित झाली आणि ऑगस्टमध्ये नामांकित क्लबांनीही पगार थांबवले. सुनील छेत्री, गुरप्रीतसिंग संधू यांच्यासारख्या भारताच्या खेळाडूंना फिफाकडे जाहीर साकडं घालावं लागलं. आपण मध्यस्थी केली आणि ६ जानेवारी २०२६ ला लीग १४ फेब्रुवारीपासून होणार असं जाहीर केलंत. त्याबद्दल मनापासून आभार, ती घोषणा ऐकून आमच्या मैदानावर पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र एकच गोष्ट शोधत होतो. वेळापत्रक होतं, १४ क्लब होते, निधीची बोलणी होती. खेळाडूच्या पगाराची हमी कुठं दिसली नाही.

माझी मागणी एवढीच आहे. हंगामाचा पहिला सामना खेळण्याआधी प्रत्येक क्लबनं आपल्या खेळाडूंच्या आणि सपोर्ट स्टाफच्या पूर्ण हंगामाच्या पगाराइतकी बँक हमी जमा करावी. पगार ३० दिवस थकला की क्लबची परवानगी न विचारता त्या हमीतून पैसे थेट खेळाडूच्या खात्यात जावेत. रस्त्याचं कंत्राट घेणाऱ्याकडून सरकार बँक हमी घेतंच ना? मग २५ पोरांचं एक वर्ष हातात घेणाऱ्याकडून का घेऊ नये? आणि हे फक्त आयएसएलपुरतं नको. खालच्या सगळ्या विभागांना लागू झालं पाहिजे, कारण तिथला पगार लहान असतो आणि घरी दुसरं उत्पन्न नसतं. एवढी हमी द्यायची ऐपत नसेल तर टीम कमी होतील, हे मी धरून चालतो. दहा टीममध्ये पगार मिळवून खेळणं मला चौदा टीममध्ये फसण्यापेक्षा बरं वाटतं.

स्पेनमध्येही थकीत पगारांचं हेच दुखणं होतं. ऑगस्ट २०११ मध्ये खेळाडूंनी संप केला, ला लीगा या तिथल्या अव्वल लीगचा पहिला आठवडा झालाच नाही. कासियास, पुयोल यांच्यासारखे विश्वविजेते, ज्यांचे स्वतःचे पगार अडकले नव्हते, खालच्या विभागातल्या पोरांच्या बाजूनं उभे राहिले. आमच्यात संपाचं बळ नाही. एका हंगामाच्या करारावरचा माणूस संप करत नाही, त्याला पुढच्या जुलैत फोन यायला हवा असतो.

राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा २०२५ आपणच आणलात. त्यात क्रीडा न्यायाधिकरण आहे. पगाराचे वाद तिथे ठराविक मुदतीत निकाली निघतील असं नियमांत स्पष्ट लिहावं. त्याच कायद्यात फेडरेशनच्या कार्यकारिणीवर नामवंत खेळाडूंना जागा आहेत, ते चांगलंच आहे. पण आम्ही नामवंत नाही. आठ क्लब फिरलेला एखादा बॅक किंवा गोलकीपर त्या टेबलावर बसला, तर फ्लॅटचं भाडं थकल्यावर काय होतं हे तिथं कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

आणखी एक, ओघात. माझे पहिले कोच बँकेच्या टीमकडून मुंबईत कूपरेजवर खेळायचे आणि दुपारपर्यंत काउंटरवर बसायचे. गुडघा गेला तरी नोकरी राहिली, आज पेन्शन आहे. आमच्या पिढीला पूर्णवेळ व्यावसायिक व्हा म्हणून सांगितलं गेलं, आम्ही झालो. १३ वर्षं माझ्या पैशातून टीडीएस न चुकता कापला गेला, पण कागदावर तो पगार नव्हता, व्यावसायिक शुल्क होतं. म्हणून पीएफ एका महिन्याचाही नाही. सरकारी नोकरीतल्या खेळाडू आरक्षणाला माझे आठ क्लबांचे करार चालत नाहीत, तिथे अधिकृत स्पर्धेतल्या पदकाचं प्रमाणपत्र लागतं. मी आता एका शाळेत मुलांना शिकवतो आणि त्यात समाधानी आहे, पण माझ्याबरोबरचे सगळे इतके नशीबवान नव्हते.

त्या मुलाबद्दल थोडं सांगतो. २०१७ साली आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून उतरला, तेव्हा हा दहा-अकरा वर्षांचा होता. दुसऱ्याच दिवशी शाळेच्या शर्टाच्या पाठीवर त्यानं स्केचपेननं नंबर काढला आणि आईचा मार खाल्ला. आज त्याचा डावा पाय माझ्यापेक्षा चांगला आहे. त्याला घरी बसवून ठेवणं माझ्या जिवावर येतं.

क्लबनं सहीसाठी येत्या शुक्रवारपर्यंत मुदत दिली आहे. बँक हमीचं एक कलम घाला, असं मी त्यांना ईमेलनं कळवलं आहे. फेडरेशनच्या नियमात तशी तरतूद नाही, असं उत्तर आलं. ती तरतूद व्हावी, म्हणून हे पत्र.

आपला नम्र,
एक माजी व्यावसायिक फुटबॉलपटू
कोल्हापूर