चि. मुक्तास, बारावीनंतरच्या वाटेविषयी

लातूर,
दि. 6 एप्रिल

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर विचारलेस की, सी.ए.ची फाउंडेशन, म्हणजे पहिल्या टप्प्याची परीक्षा आताच द्यावी, की आधी बी.कॉम. पूर्ण करून थेट इंटरमीडिएटला, म्हणजे दुसऱ्या टप्प्याला बसावे. त्या वेळी आडतीवर हरभऱ्याच्या गाड्या उतरत होत्या आणि हमालांच्या गलक्यात तुला धड उत्तर देता आले नाही, म्हणून हे पत्र सविस्तर लिहितो आहे.

माझे मत फाउंडेशन आताच द्यावी असे आहे; मात्र बी.कॉम.ला प्रवेश घेऊन, पदवी सोबत चालू ठेवून. पदवीनंतर वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला 55 टक्के गुणांवर थेट इंटरमीडिएटला प्रवेश मिळतो, हे तुझे म्हणणे बरोबर आहे. पण तुझी बारावीची तयारी ताजी आहे, आणि हा विषय आपल्याला मनापासून झेपतो की नाही हे तीन वर्षांनी कळण्यापेक्षा या वर्षीच कळलेले चांगले. नोंदणीनंतर चार महिने अभ्यासाला द्यावे लागतात, म्हणून सप्टेंबरची परीक्षा धरायची असेल तर नोंदणी याच महिन्यात व्हायला हवी. चार पेपर, एकूण 400 गुण; उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक पेपरात किमान 40 टक्के आणि एकूण 50 टक्के. गणित-सांख्यिकी व अर्थशास्त्राच्या वस्तुनिष्ठ पेपरांत चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो, तेव्हा अंदाजाने खुणा करण्याची सवय आतापासूनच सोड.

कागदावर हा सगळा प्रवास साडेतीन वर्षांचा आहे: फाउंडेशनचे चार महिने, इंटरमीडिएटचे आठ, दोन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सी.ए.च्या कार्यालयातली उमेदवारी, आणि त्यानंतर फायनलच्या अभ्यासासाठी सहा महिने. प्रत्यक्षात एखादा ग्रुप, म्हणजे पेपरांचा गट, राहतो, वर्ष लांबते, आणि तसे झाले तर मला अजिबात वाईट वाटणार नाही. पदवी हाती असली म्हणजे बँकांच्या परीक्षा किंवा लोकसेवा आयोगामार्फत भरली जाणारी महाराष्ट्र वित्त व लेखा सेवेतील पदे यांचे दार उघडे राहते. खर्च लेखापालाचा, म्हणजे सी.एम.ए.चा अभ्यासक्रमही डोळ्यासमोर असू दे. एक टन ऊस गाळायला तोडणी, वाहतूक आणि मजुरी धरून किती खर्च आला, हे नेमके मांडू शकणारा माणूस आपल्या भागातल्या साखर कारखान्यांना लागतोच.

आता एक गोष्ट सांगतो, जी आजवर फक्त तुझ्या आईला ठाऊक होती. मी दुकानात खतावणी, म्हणजे खातेवही, लिहीत असताना एका दिवाळीच्या तोंडावर औसा तालुक्यातला एक शेतकरी पट्टी, म्हणजे मालविक्रीच्या हिशेबाचा कागद, हातात घेऊन उभा राहिला. 12 क्विंटल सोयाबीन, भाव 4,050, रक्कम 48,600 रुपये. ही रक्कम त्याने दुकानात जमा ठेवली होती, पण खात्यावर ती दिसत नव्हती. मी कीर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही काढली, नोंद होती. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे-जमा बाजूंचा ताळा काढला, तो पैशापैशाने जुळला. तीन संध्याकाळी मी पाने उलटत बसलो आणि शेवटी सापडले असे की, त्याच नावाचा रेणापूर तालुक्यातला दुसरा शेतकरी आमच्याकडे होता आणि रक्कम मी त्याच्या खात्यावर जमा केली होती. दोन्ही बाजूंची बेरीज बरोबर असल्यामुळे तेरजेला ही चूक दिसणे शक्यच नव्हते. औशाच्या त्या माणसाने तीन दिवस दिवाळीचा बाजार थांबवला होता. तेव्हापासून खतावणीतली प्रत्येक नोंद मी नाव, गाव आणि पट्टीचा क्रमांक वाचून पडताळतो.

हे लिहिण्याचे कारण, तुझ्या पहिल्याच पेपरात तेरीज आणि चुकांची दुरुस्ती हे प्रकरण आहे. बहुतेक मुले त्याची उत्तरे पाठ करतात. तू तसे करू नकोस. प्रत्येक उदाहरण सोडवताना ही चूक कोणत्या कागदावरून पकडता आली असती, एवढे स्वतःला विचार. आता संगणकावर नोंदी होतात आणि बेरीज चुकत नाही, पण चुकीच्या खात्याला गेलेली रक्कम संगणकही निमूटपणे जुळवून देतो.

पुण्यातल्या क्लासचे तू म्हणालीस. पहिली पायरी घरूनच चढावी असे मला वाटते. सी.ए.ची परीक्षा घेणाऱ्या संस्थेचे अभ्याससाहित्य व व्याख्याने ऑनलाइन उपलब्ध आहेत, आणि लातुरात संस्थेची शाखाही आहे. परीक्षेचे माध्यम इंग्रजी किंवा हिंदी आहे, मराठी नाही. तू मराठी माध्यमातून शिकलीस म्हणून धास्तावू नकोस, रोज कायद्याची दोन पाने मोठ्याने वाचत जा. आर्टिकलशिपचे मात्र आतापासून मनात ठेव. मोठ्या शहरातल्या मोठ्या कार्यालयात नाव मिळते, पण तिथे वर्षभर एकाच कामाचा तुकडा हाती येऊ शकतो. इथल्या लहान कार्यालयात जीएसटीची विवरणपत्रे, आयकर, पतसंस्थेचे लेखापरीक्षण असे सगळे डोळ्यांखालून जाते. मी इथलेच सुचवेन. निर्णय तुझा.

मामांकडून निघताना दहावीची मूळ गुणपत्रिका आणि दोन फोटो आठवणीने सोबत घे. मी रविवारी दुकानातून लवकर येतो, आपण दोघे मिळून अर्ज भरू.

तुझे,
बाबा