सेमाडोहच्या घाटात भेटलेल्या भाऊंना

भाऊ, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहिलं, म्हणून हे पत्र असं उघड्यावर. सेमाडोहकडच्या कुणी वाचलं तर त्यांनी एवढं सांगावं: डिसेंबरात, काळी मोटरसायकल, मागे दळणाचं पोतं आणि घाटात अडकलेली पुण्याची पांढरी गाडी. तुम्हाला आठवेल.

चिखलदऱ्यात सकाळी तिथल्याच मळ्यातली कॉफी प्यायलो, गाविलगड पाहिला आणि दुपारी सेमाडोहकडे उतरायला लागलो. दोन्ही अंगांना सागवान, मोठाली पानं धुळीनं तांबूस झालेली, मध्येच बांबूची बेटं. मी खुशीत गाडी न्यूट्रलला टाकली होती. उतारावर पेट्रोल वाचतं, हे शहाणपण माझ्या मेव्हण्याचं. (त्याला आता फोनवर बरंच ऐकवून झालंय.) सातआठ वळणं झाली आणि ब्रेकचं पॅडल मऊ पडलं. मग जळकट वास. कशीबशी हँडब्रेकवर गाडी डोंगराच्या बाजूला लावली. फोनला रेंज नाही.

तुम्ही मागून आलात, काही न विचारता आधी चाकांना दगड लावलेत. मी बाटली उघडून चाकावर पाणी ओतणार, तेवढ्यात हात धरलात. "पाणी नका टाकू भाऊ, फुटन मंग." तापलेल्या बिडाच्या तव्यावर गार पाणी ओतू नये हे माझ्या आईनं शंभरदा सांगितलंय, ब्रेकची डिस्कही बिडाचीच असते, हे काही डोक्यात आलं नव्हतं.

"आता बसा," म्हणालात. आम्ही बसलो. तुम्हीही बसलात, हे महत्त्वाचं. तुम्हाला थांबायचं काहीच कारण नव्हतं.

अर्ध्या तासानं तुम्ही एकदम उठून आम्हाला गाडीत कोंबलंत, स्वतःही आत आलात. मला काहीच दिसलं नव्हतं. मग बांबूतून रानगवा बाहेर आला. गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, बाकी अंग काळंभोर. पूर्ण वाढलेला नर हजार किलोपर्यंत भरतो, हे वाचलेलं होतं. पंधरा पावलांवर तो उभा राहिला की आकडा आठवत नाही. तो पार होताच मुलानं फोटोसाठी दाराला हात घातला. तुम्ही दार धरून ठेवलंत आणि हळूच म्हणालात, "मांगं अजून आहेत." होते. दोन माद्या, एक वासरू आणि बऱ्याच वेळानं आणखी एक. दार उघडलं असतं तर मुलगा नेमका वासराच्या आणि आईच्या मध्ये उतरला असता.

मेळघाट 1974 पासून व्याघ्रप्रकल्प आहे, देशातल्या पहिल्या नऊंपैकी एक. त्यामुळे आम्ही घरून निघालो ते वाघाचाच घोष करत. वाघ दिसला नाही. मुलाला आता त्याचं काहीच वाटत नाही, तो शाळेत गव्याबद्दलच सांगतो.

चाकं निवल्यावर तुम्ही एकच धडा दिलात: ज्या गिअरात घाट चढतो, त्याच गिअरात उतरायचा. मग मोटरसायकल पुढे घालून, वळणावळणाला हात हलवत, आम्हाला दुसऱ्या गिअरात सिपनेच्या काठापर्यंत उतरवलंत. वाटेत एका आजींशी कोरकूत बोललात. एक शब्द कळला नाही. कळणार कसा? ती भाषा मराठीच्या नात्यातली नाही, पार झारखंडच्या मुंडारी-संथाळीच्या कुळातली. पण आजी आमच्या गाडीकडे बघून हसल्या, तेवढ्यावरून विषय काय होता ते समजलं.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. चहा घेतलात, तोही अर्धाच.

आणि एक गोष्ट माझ्या बायकोच्या ध्यानात आली, तीही धारणीच्या पुढे गेल्यावर. आपण चहा घेत होतो तेव्हा समोरच्या गिरणीचं शटर खाली ओढलेलं होतं. तुम्ही तिकडे एकदा पाहिलंत, पोतं पुन्हा घट्ट बांधलंत आणि आल्या वाटेनं घाट चढायला लागलात.

तुमचा,
पांढऱ्या गाडीवाला