लॅपटॉप बदलायच्या आधी

सांगली

चि. मधुरा हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर विचारलंस, "बाबा, विंडोज ११ चा नवा लॅपटॉप घेऊ, मॅक घेऊ, की तुमचं ते उबुंटू टाकू?" उबुंटू म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी, फुकट मिणारी लिनक्स प्रणाली, एवढं तुला ठाऊक आहेच. पण उत्तर एका वाक्यात सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितोय. पन्नास-साठ हजारांचा प्रश्न आहे, आणि वकिली सुरू करून तुला अजून वर्षही झालेलं नाही.

तुझा लॅपटॉप बिघडलेला नाही, एवढं आधी लक्षात घे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नाव नोंदवलं तर सुरक्षेचे अपडेट आणखी वर्षभर मिळतात, पण ती फक्त तारीख वाढवून घेण्यातली गत. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. तुझा प्रोसेसर सहाव्या पिढीचा. आडवाटेने तेही बसवता येतं, दुकानदार बसवूनही देतील. पण ज्या मशीनवर अशिलांची कागदपत्रं राहणार, तिथे असला उद्योग नको. पाचशे रुपयांत 'टाकून मिळणाऱ्या' विंडोजबद्दल तर मी बोलतच नाही. तू वकील आहेस.

उबुंटू म्हटलं की तुझ्या मैत्रिणी हसतात म्हणालीस. त्यांना विचार, ज्या जिल्हा न्यायालयात तुम्ही तारखा घेता तिथल्या टेबलांवर काय चालतं? ई-कोर्ट प्रकल्पात कोर्टांना उबुंटूच दिलेलं आहे. केसची नोंद, बोर्ड (दिवसाच्या प्रकरणांची यादी), रोजनामा ज्यात चढतो ते सीआयएस नावाचं सॉफ्टवेअर एनआयसी या सरकारी संगणक संस्थेच्या पुणे शाखेने तयार केलं. आमच्या कोर्टात उबुंटू आलं तेव्हा आम्ही स्टेनो मंडळींनी केवढी ओरड केली होती! विंडोज काढलं म्हणजे आमचे हातच काढले, अशी भाषा. मग कामाच्या रेट्यात बोटं आपोआप वळली. निकालपत्र टाइप करणाऱ्याला शेवटी काय लागतं? कीबोर्ड, पान आणि प्रिंट.

खरी मेख आहे ती जुन्या फायलींत, आणि हे तुला कोणी सांगणार नाही. तू ज्यांच्याकडे ज्युनियर आहेस त्या सरांकडच्या वर्षानुवर्षांच्या मसुद्यांपैकी निम्मे तरी कृतिदेव नाही तर श्रीलिपी या जुन्या फॉन्टांत असणार. कृतिदेवात तू 'कलम' टाइप केलंस की फायलीत मराठी अक्षरं साठतच नाहीत. तिथे इंग्रजी डी, वाय, ई ही तीन अक्षरं जातात आणि फॉन्ट त्यांना क, ल, म असे मुखवटे चढवतो. फॉन्ट नसला की मुखवटा गळतो आणि कलमाच्या जागी इंग्रजी 'डाय' दिसतो. फॉन्टची फाइल उबुंटूवर घालता येते, म्हणजे वाचायची सोय होते. पण या फॉन्टांची टायपिंगची सॉफ्टवेअरं मुळात विंडोजसाठी केलेली. उबुंटूवर त्यांच्यामागे लागलीस तर संध्याकाळच्या संध्याकाळ वाया जातील.

असे मसुदे युनिकोडमध्ये, म्हणजे जिथे खरी मराठी अक्षरंच साठतात त्या पद्धतीत, बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत. ते वापर, पण डोळे झाकून नको. कृतिदेवात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडात अक्षरानंतर. रफाराचं नेमकं उलटं. ही उलटापालट करताना कन्व्हर्टर कुठे कुठे घसरतो, आणि घसरतो तो जोडाक्षरांत, म्हणजे नेमका आडनावांत आणि गावांच्या नावांत. दाव्यात प्रतिवादीचं नाव चुकलं की दुरुस्ती अर्ज आलाच. म्हणून बदललेल्या मसुद्यातली नावं आणि गट नंबर मूळ कागदाशी ताडून बघायचे, स्टेनो लोक बघतात तसे, बोट ठेवून.

तू स्वतः नवीन जे लिहिशील ते इन्स्क्रिप्ट या युनिकोडच्या कीबोर्डवरच लिही. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. विंडोज, मॅक, उबुंटू, तिन्हीकडे हा कीबोर्ड आयता असतो. बोटांना तो एकदा बसला की मशीन कुठलंही असो, मराठी अडत नाही.

आणखी एक अडचण तुला पहिल्याच महिन्यात येईल. सरांच्या मशीनवर मंगल फॉन्टमध्ये केलेला अर्ज तू उबुंटूवर लिबरऑफिसमध्ये (वर्डच्या जागी चालतं ते) उघडलास की तिथे मंगल नसल्याने दुसरा फॉन्ट लागतो, ओळी सरकतात, तेविसाव्या पानावरचं शपथपत्र चोविसाव्यावर जातं आणि अनुक्रमणिका खोटी ठरते. याला उपाय एकच: दोघांनी नोटोसारखा फुकट मिळणारा एकच फॉन्ट दोन्हीकडे घालायचा आणि पान नंबर पीडीएफ झाल्यावर तपासायचे. ई-फायलिंगला पीडीएफच लागते, आणि लिबरऑफिस ती एका बटणावर करून देतं.

मॅकचं थोडक्यात सांगतो. यंत्र उत्तम आहे, बॅटरी दिवसभर पुरते, मराठीही नीट चालतं. पण दुरुस्ती महाग आहे आणि सरांचे क्लार्क त्याला हात लावणार नाहीत. चार पैसे हातात खेळू लागले की घे, मी अडवणार नाही.

तर माझं मत असं. आहे त्याच लॅपटॉपमध्ये जुन्या हार्डडिस्कच्या जागी वेगवान एसएसडी घालायची, रॅम आठ जीबी करायची आणि उबुंटूची २०२४ ची एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ अपडेट मिळणारी, आवृत्ती चढवायची. तिला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. उबुंटू प्रो या जादा अपडेटच्या योजनेत नोंदणी केली, जी घरगुती वापराच्या पाच मशीनपर्यंत फुकट आहे, तर त्याच्याही पुढे. सरांच्या ऑफिसातलं विंडोज मात्र सुधारायला जाऊ नकोस. जुन्या फॉन्टातलं काम तिथेच बसून कर. कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आल्यापासून त्या ऑफिसात श्वास घ्यायला फुरसत नाही म्हणतेस, त्यात ज्युनियरने नवं खूळ काढलेलं कुणाला आवडणार? उद्या एखाद्या अशिलाचे हिशेब टॅलीत बघायची वेळ आली तर तेही तिकडेच.

पण हे सगळं करण्याआधी पेनड्राइव्हवरून उबुंटू चालवून बघायचं. लॅपटॉपवर काहीही न पुसता ते चालतं. प्रिंटर जोडून लीगल कागदावर एक पान काढ. काही जुने लेझर प्रिंटर लिनक्सवर फार रडवतात, आणि ते पैसे खर्च होण्याआधी कळलेलं बरं. वायफाय आणि व्हीसीसाठी, म्हणजे व्हिडिओवरच्या सुनावणीसाठी, कॅमेरा-माइक बघ. पेनड्राइव्हवरून सगळं जरा मंद चालेल, त्यावरून मत बनवू नकोस.

राहता राहिलं डिजिटल सहीचं टोकन, म्हणजे सही करताना लॅपटॉपला लावायचं ते पेनड्राइव्हसारखं यंत्र. उबुंटूसाठी त्याचा ड्रायव्हर कंपनी देते की नाही, यावर बरंच अवलंबून आहे. मॉडेलचं नाव टोकनवरच छापलेलं असतं. उद्या कोर्टात जाण्यापूर्वी त्याचा फोटो काढून पाठव. ड्रायव्हर मी शोधून ठेवतो. एसएसडी मात्र तोवर घेऊ नकोस.

तुझा,
बाबा