94 रुपये कमी पडले म्हणून 2,152 रुपयांचा भुर्दंड

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
कोल्हापूर शाखा

विषय: पूर्वसूचना न देता कापलेले किमान शिल्लक शुल्क, त्यामुळे परत गेलेला कर्जाचा हप्ता आणि त्यावर पुन्हा लावलेले शुल्क परत मिळणेबाबत.

महोदय,

माझे पती आणि मी आपल्या शाखेचे जुने संयुक्त खातेदार आहोत. पती शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत कामाला होते तेव्हा कंपनीनेच हे पगाराचे खाते आपल्याकडे उघडून दिले. त्यात किमान शिलकीची अट नव्हती. पुढे त्यांनी नोकरी बदलली. नव्या कंपनीचा पगार दुसऱ्या बँकेत जमा होतो, पण मोटारसायकलच्या कर्जाचा हप्ता आपल्याच खात्यातून जातो. म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला मी हप्त्याचे 4,120 रुपये तिकडून इकडे पाठवते. आधीचे 260 रुपये खात्यात असतात. पाच तारखेला हप्ता जातो आणि 260 उरतात. घराचा हिशेब मी वहीत ठेवते आणि त्या वहीत हप्त्याची ओळ कधी चुकलेली नाही.

आता आपल्याच पासबुकात छापलेल्या ओळी सांगते. एक तारखेला शिल्लक 4,380. तीन तारखेला ‘एमएबी चार्जेस’ (महिन्याची सरासरी शिल्लक कमी पडल्याचे शुल्क) या नावाने 354 रुपये वजा, शिल्लक 4,026. पाच तारखेला कर्ज कंपनीने 4,120 मागितले आणि 94 रुपये कमी म्हणून हप्ता परत गेला. कंपनीचा मेसेज आल्याआल्या मी 200 रुपये पाठवले, कारण ॲपमध्ये त्या वेळी 4,026 शिल्लक दिसत होती. रात्री आपण हप्ता परत गेल्याचे शुल्क म्हणून 472 रुपये कापले. शिल्लक झाली 3,754. कंपनीने त्याच महिन्यात पुन्हा मागणी पाठवली, ती अर्थातच पुन्हा परत गेली. पुन्हा 472. मग मी कंपनीला हप्ता थेट भरला आणि त्यांचा 500 रुपये दंडही भरला. पुढच्या महिन्यात आपण किमान शिलकीचे आणखी 354 रुपये घेतले.

आपण घेतलेले 1,652 आणि कंपनीचे 500 मिळून 2,152 रुपये झाले. आम्ही हप्त्याची पूर्ण रक्कम चार दिवस आधी खात्यात ठेवली होती. ती कमी केली बँकेने, आणि कमी पडली म्हणून दंडही केला बँकेनेच. माझी तक्रार मुळात एवढीच आहे.

काउंटरवर विचारले तेव्हा उत्तर मिळाले, ‘‘मॅडम, सिस्टीम कापतीय, आमच्या हातात काय न्हाई.’’ काही महिने पगार जमा झाला नाही की पगाराचे खाते आपोआप साधे बचत खाते होते आणि मग दरमहा सरासरी 5,000 रुपये ठेवावे लागतात, हे तिथे पहिल्यांदा कळले. त्या कर्मचाऱ्यावर माझा राग नाही. पण सिस्टीमला नियम कोणीतरी भरून देते, आणि ते नियम रिझर्व्ह बँकेच्या सूचनांना धरून आहेत की नाहीत हे पाहणे शाखेचे आणि मुख्यालयाचे काम आहे. ते झालेले नाही.

रिझर्व्ह बँकेचे किमान शिलकीबाबतचे परिपत्रक 20 नोव्हेंबर 2014 चे आहे आणि त्यातले नियम 1 एप्रिल 2015 पासून लागू झाले. शिल्लक कमी झाली तर बँकेने आधी ग्राहकाला एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचे, सूचनेपासून एक महिन्यात शिल्लक पूर्ववत झाली नाही तरच शुल्क लावायचे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. आम्हाला यातले काहीही मिळालेले नाही. माझ्या फोनवर आपले मेसेज रोज येतात, वैयक्तिक कर्जाचे येतात, विम्याचे येतात. दर तिमाहीला एसएमएसचे 17 रुपये 70 पैसेही आपण कापता. खाते बदलल्याचा आणि शिल्लक कमी असल्याचा जो एक मेसेज आमच्या कामाचा होता, तो मात्र आला नाही. एसएमएसचे शुल्क प्रत्यक्ष वापरानुसार घ्यावे, असेही रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच सांगितले आहे. तेव्हा हे सरसकट 17.70 कशाचे, तेही कळवावे.

त्याच परिपत्रकातला दुसरा मुद्दा त्याहून महत्त्वाचा आहे. शुल्क जेवढी रक्कम कमी पडली तेवढ्याच्या प्रमाणात हवे. पहिले 354 ज्या आधीच्या महिन्यासाठी कापले, त्यात आमची सरासरी आठशेच्या आसपास होती, म्हणजे चार हजारांहून जास्त कमी. दुसऱ्या महिन्यात हप्ता खात्यातून गेलाच नाही, त्यामुळे सरासरी साडेतीन हजारांच्या घरात गेली, म्हणजे दीड हजारच कमी. तरी दोन्ही वेळा 300 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी, बरोबर 354. हे प्रमाणात कसे, याचे लेखी उत्तर मला हवे आहे.

सरासरी शिल्लक कशी काढतात हे आपण एकदा जरी सांगितले असते तरी हा प्रकार टळला असता. रोज दिवसअखेर जी शिल्लक असेल तिची महिन्याची बेरीज करायची आणि दिवसांनी भागायचे. 5,000 सरासरी म्हणजे 30 दिवसांची बेरीज दीड लाख. रोज पाच हजार अडकवून ठेवायची गरजच नाही. माझ्या पतींचा 28,000 पगार इकडे आणून सहा दिवस ठेवला तरी बेरीज 1,68,000 होते आणि अट पूर्ण होते. पगार आल्यावर किराणा, शिकवणी, वीजबिल असे पैसे हळूहळूच बाहेर पडतात. ते आठवडाभर आपल्या खात्यात राहिले असते तर आमचे काहीच अडले नसते. ही माहिती देणारा एक छापील कागद खाते बदलताना द्यायला काय अडचण होती?

कोल्हापूरच्या घरांत पैसा कसा येतो, हे इथल्या शाखेला मी सांगायला नको. पगार एकदा, दुधाचे बिल दहा दिवसांनी, उसाचे बिल हंगामात. ऊस कारखान्याला गेल्यावर 14 दिवसांत पैसे द्यावेत असा कायदा आहे, पण बिल खात्यावर दिसेपर्यंत सोसायटीपासून दुकानदारापर्यंत सगळे थांबवावे लागतात. माझ्या सासरी करवीर तालुक्यात हेच चालते. अशा घरात खात्यावर पैसे एकदम येतात आणि एकदम जातात. तिथे सरासरीची अट आणि तिचा दंड सर्वांत आधी बसतो तो कमी शिल्लक असलेल्यालाच. आमच्या बचत गटातल्या बायकांच्या खात्यावर लाडकी बहीण योजनेचे 1,500 रुपये येतात. त्यातून असेच शुल्क कापले गेल्याचे त्या सांगतात तेव्हा मला फार वाईट वाटते. ते पैसे आले की औषधांना किंवा पोरांच्या वह्यांना जायचे असतात. स्टेट बँकेने बचत खात्याची किमान शिलकीची अट मार्च 2020 मध्येच काढून टाकली, 2025 मध्ये आणखी काही सरकारी बँकांनी तसेच केले. त्यांना जमले ते आपल्याला का जमू नये?

आणखी एक गोष्ट आपल्या कानावर घालणे मला गरजेचे वाटते. याच तक्रारीसाठी शाखेत आले असताना मला क्रेडिट कार्ड घ्यायला सुचवण्यात आले. ‘‘हप्त्याला पैसे कमी पडले तर घरखर्च कार्डावर टाका, महिन्याला मिनिमम ड्यू भरला की झालं,’’ असे सांगितले गेले. मिनिमम ड्यू म्हणजे कार्डाच्या बिलापैकी त्या महिन्यात भरावीच लागणारी किमान रक्कम. मी माहितीपत्रक घरी नेऊन वाचले. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्के. समजा 20,000 रुपये थकले आणि मिनिमम ड्यू पाच टक्के, म्हणजे 1,000 भरले. त्या महिन्याचे व्याज 700, त्यावर जीएसटी 126, मिळून 826. म्हणजे हजार भरून मूळ रकमेतले 174 रुपयेच फिटले! शिवाय बाकी पुढे ओढली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. हे सगळे न सांगता ‘‘मिनिमम भरला की झालं’’ म्हणणे म्हणजे ग्राहकाला विहिरीत उतरवून दोर काढून घेण्यासारखे आहे. मी कार्ड घेतले नाही. पण काउंटरवरच्या बोलण्यावर विश्वास ठेवून घेणारे कितीतरी असतील. असा सल्ला आपल्या शाखेत यापुढे कोणालाही दिला जाऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आता माझ्या मागण्या. किमान शिलकीचे दोन्ही महिन्यांचे 708 आणि हप्ता परत गेल्याचे 944, असे 1,652 रुपये जीएसटीसह खात्यात परत जमा करावेत. कर्ज कंपनीचे 500 रुपये आपल्या वजावटीमुळे भरावे लागले, तेही आपणच द्यावेत. हप्ता बँकेच्या शुल्कवजावटीमुळे परत गेला, असे पत्र कंपनीच्या नावाने द्यावे, म्हणजे आमच्या सिबिल नोंदीवर (कर्जफेडीच्या नोंदीवर) डाग लागला असेल तर तो दुरुस्त करून घेता येईल. पुढेमागे घरासाठी कर्ज काढायचे आमच्या मनात आहे आणि 94 रुपयांपायी त्याचा व्याजदर वाढला तर ते नुकसान 2,152 पेक्षा कितीतरी मोठे असेल. आम्हाला पूर्वसूचना पाठवल्याचा आपला दावा असेल तर ती कोणत्या तारखेला आणि कोणत्या नंबरवर गेली, याची प्रत द्यावी.

हे खाते यापुढे मूलभूत बचत खात्यात बदलावे, तसा अर्ज सोबत जोडला आहे. या खात्याला किमान शिलकीची अट नाही, एटीएम कार्ड मोफत आहे आणि महिन्याला किमान चार वेळा पैसे काढता येतात. आम्हाला तेवढे पुरते. असे खाते असताना त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही, हे आम्हाला मान्य आहे. पतींच्या नावाचे दुसरे डेबिट कार्ड कधी वापरलेच नाही. त्याचे वार्षिक 236 रुपये कापण्याआधी ते बंद करावे. आणि मूलभूत बचत खात्याची माहिती शाखेत दर्शनी भागात मराठीत लावावी. सध्या तिथे फक्त कर्जांची पोस्टर आहेत.

या पत्राची पोच शिक्क्यासह द्यावी. 30 दिवसांत समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार दाखल करेन. त्यासाठी पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही, आणि 14448 या क्रमांकावर माहिती मिळते. तशी वेळ येऊ नये असे मला मनापासून वाटते, कारण या शाखेत आमची इतक्या वर्षांची ओळख आहे.

आपली,
एक खातेदार
कसबा बावडा, कोल्हापूर

सोबत: पासबुकाच्या दोन पानांची छायाप्रत, कर्ज कंपनीच्या दंडाची पावती, हप्ता परत गेल्याच्या मेसेजची छापील प्रत, खाते बदलण्याचा अर्ज, न वापरलेले डेबिट कार्ड बंद करण्याचा अर्ज.