आंधी, माठ आणि बाबांचा डोळा

फलोदी (राजस्थान),
२४ मे

तीर्थरूप आई-बाबांस,
चिमणीचा साष्टांग नमस्कार.

परवा रात्री तुमचे सतरा फोन येऊन गेले हे मला काल सकाळी कळलं. आंधीने टॉवर बंद पडला होता, वीजही नव्हती. आई, तू रात्रभर देवापाशी बसून होतीस असं वहिनी म्हणाली. अगं, मी दारं-खिडक्या लावून नऊलाच झोपले होते. मला ओरखडाही आलेला नाही.

फोनवर तुला लगेच रडू येतं आणि बाबांना नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते आहे. दादा वाचून दाखवील. दादा, मधलं काही गाळायचं नाही.

टीव्हीवर दाखवतात तशी भिंतीसारखी धूळ खरंच येते, ते नाकारत नाही. दुपारी पंचेचाळीस अंशाला पान हलत नसतं. मग पश्चिमेला खाली पिवळा, वर काळा असा पट्टा उठतो. त्याला इथे काली-पीली आंधी म्हणतात. थोड्याच वेळात भर दिवसा दिवे लावायला लागतात, दाताखाली वाळू कचकचते, आणि मग एकदम गारवा सुटतो. बाबा, तुम्ही विचारलं होतंत ना, पाऊस पडत नाही तर एवढा वारा येतो कुठून? आईचा माठ बघा. त्यातून पाझरलेलं पाणी सुकतं म्हणून आतलं गार होतं. इथेही तेच. पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणारी वादळी हवा, आला आणि अरबी समुद्राकडून थोडी ओल मिळाली की दुपारनंतर ढग चढतात. पाऊस सुरूही होतो, पण खालची हवा इतकी कोरडी की बरेचसे थेंब वाटेतच सुकतात. त्या सुकण्याने हवा गार होते, गार हवा जड, ती धाडकन खाली येते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पळत सुटते, वाटेतली वाळू उचलत. वळवाआधी आपल्याकडे सुटतो तो वारा हिचाच भाऊ.

आणि आई, माझ्या खोलीवर पत्रा नाही. इथे घरांवर दगडाच्या लांब फरशा घालतात, वीतभर सरकत नाहीत. आल्या दिवशी मी आधी वर बघितलं होतं. त्या वर्षीचं मी विसरलेले नाही, बाबांचा खांदाही नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. मी इथली दोन वर्षं वाढवून घेतली आहेत. सही १ मेलाच झाली. तुम्हाला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तुम्ही "तुझं बघ" म्हणाला असता आणि ते मला सहन झालं नसतं. पगार वाढला, गोठ्याचं कर्ज लवकर फिटेल, पुण्यात याच कामाला एवढे मिळत नाहीत, हे सगळं खरंच आहे. पण त्याहून खरं हे की मला इथलं काम आवडतं. भडल्याचा सौर प्रकल्प २,२४५ मेगावॅटचा, जागा सुमारे १४ हजार एकर. बाबा, आपल्या अडीच एकरात उभं राहून नजर टाका आणि मग विचार करा! आमच्या भागातली पॅनेलं सूर्याबरोबर वळतात, आणि वारा ठरलेल्या वेगापुढे गेला की सगळी आडवी करायची. ते बघण्याची जबाबदारी माझी. आंधीत सगळ्या रांगा एकदम आडव्या होतात तेव्हा वाऱ्यात लवलेल्या आपल्या शाळवाची आठवण येते. नंतर चार थेंब पडले तर धूळ धुऊन निघते, नाहीतर रात्री यंत्रं कोरड्या ब्रशाने झाडत बसतात. पाणी इथे जपून वापरायचं.

म्हणून मेमध्ये सुट्टी नाही. म्हणजे बाबांच्या मोतीबिंदूला मी नसेन. बाबा, "चिमणी आली की करू" असं म्हणून तुम्ही दोनदा पुढे ढकललंत. आता ढकलू नका. पावसाळ्याआधी सांगलीला जाऊन या. दादाने तारीख घेतली आहे, मीच सांगितलं त्याला, त्याच्यावर चिडू नका. डोळ्यात थेंब घालायच्या वेळी मी रोज फोन करीन.

जेवणाची काळजी नको. चटणी अजून अर्धी बरणी आहे. इथे बाजरीची राबडी ताकात करतात, अगदी आपली आंबील. सांगरीची भाजीही खाते. सांगरी म्हणजे दसऱ्याला आपण पुजतो त्या शमीच्या शेंगा. आंधीत त्या खाली पडतात, आणि घरमालकीण माँसा पहाटे ओटा भरून आणतात. उद्यापासून नौतपा, सूर्य रोहिणीत. बाबा, तुम्ही रोहिणीच्या पावसाची वाट बघता आणि माँसांना हेच नऊ दिवस कडक तापायला हवेत. मध्येच आंधी-पाऊस आला तर पुढचा पावसाळा बिघडतो म्हणतात. परवापासून त्या आभाळावर रुसल्यात.

मला मात्र त्या रात्री गारांचा वळीव आठवत होता. बाबांनी पोत्याची खोळ माझ्या डोक्यावर घातली होती आणि आईने पितळी वाटीत गारा दिल्या होत्या. तशी गोड गार मी नंतर कधी खाल्ली नाही.

म्हणूनच सांगते, वळीव आला की कैऱ्या वेचायला झाडाखाली पळायचं नाही. दोघांनीही. वीज चमकल्यावर तीस आकड्यांच्या आत गडगडलं तर घरात यायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. पुण्याच्या हवामान संस्थेचं दामिनी ॲप दादाने दोघांच्या फोनवर घालून द्यावं. आई, ते वाजलं की "उगाच वाजतंय" म्हणून बंद करू नकोस. २ मे २०१८च्या आंधीत राजस्थान आणि उत्तर प्रदेशात शंभरावर माणसं गेली, त्यातली बरीचशी भिंती आणि झाडं अंगावर पडून. ते भरतपूर-धौलपूरकडे, इथून फार लांब. पण आपली मागची भिंत तशीच आहे. बाबांची खाट तिथून आजच हलवा.

थंडीत दोघं या. तिकिटं मी काढते. इथून जवळ खिचन गावात हजारोंनी करकोचे उतरतात, इथे त्यांना कुरजां म्हणतात. बाबा, तोवर डोळा स्वच्छ झालेला असेल.

तुमची,
चिमणी

ता. क. गोठ्याच्या पत्र्यावर दगड ठेवलेत असं कळलं. ते काढा. वाऱ्यात तेच खाली येतात. पत्रा हुक-बोल्टने आवळून घ्या, पैसे पाठवले आहेत.