सराफ्यात रात्र होते तेव्हा

इंदूर, रविवार रात्र

चि. मिहिर, अनेक आशीर्वाद.

तू मामाकडून पाठवलेला, स्क्रॅचमध्ये (म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्राम करतात त्यात) बनवलेला आपला सराफा बाजार आजीला दाखवला. दिवसा चांदीची दुकानं, रात्री शटरं पडली की त्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस आणि गराडू, म्हणजे तळलेला कंद. आजी खूश. म्हणाली, "पुन्हा लाव." गोष्ट सुरू करायचा हिरवा झेंडा दाबला, तर सुरुवातीलाच रात्र आणि सराफ गायब! "दिवाळं निघालं वाटतं त्याचं," आजी म्हणाली.

अरे, झेंडा दाबला म्हणून बॅकड्रॉप, म्हणजे मागचं चित्र, आपोआप पहिल्यावर येत नाही, आणि 'हाइड' केलेला स्प्राइट, म्हणजे पात्र, लपलेलंच राहतं. झेंड्याखाली आधी 'स्विच बॅकड्रॉप टू दिवस' लाव. सराफाला 'व्हेन बॅकड्रॉप स्विचेस टू दिवस'खाली 'शो' दे, 'रात्र'खाली 'हाइड'. ठेलेवाल्याचं उलट.

मला खटकलं ते वेगळंच. रात्र होताना तू चित्र विरवणारा 'घोस्ट' इफेक्ट वापरलास, त्यामुळे सगळं आधी पांढरंफटक होतं. बॅकड्रॉप विरला की मागचं पांढरंच दिसणार. त्यापेक्षा स्टेजचा, म्हणजे त्या मागच्या चित्राचा, ब्राइटनेस 20 वेळा -5 नं बदल; -100 ला मिट्ट काळोख. तेवढ्यात चित्र बदलायचं आणि 20 वेळा 5 नं उजेड परत आणायचा. गणपतीतल्या नाटकात आम्ही हेच करायचो. एकदा दिवे लवकर लागले आणि मी डोक्यावर खुर्ची घेऊन राजाच्या दरबारात उभा! असो.

तुझी गोष्टही तशीच होईल, कारण स्टेजचा ब्राइटनेस स्प्राइटला लागत नाही. सराफ काळोखात लखलखत राहील. म्हणून 'अंधार' हा मेसेज 'ब्रॉडकास्ट अँड वेट'नं पाठव; तो ठोकळा सगळ्यांना निरोप देतो आणि त्यांचं काम संपेपर्यंत थांबतो. स्टेज आणि सराफ, दोघांनी तो ऐकून एकदमच काळवंडायचं, मग बॅकड्रॉप बदलायचा. ठेलेवाल्याला 'शो'आधी एक सेकंद थांबव.

आणि तुझे दोन फोटो दोन जागांवरून काढलेत ना? ओटा हातभर सरकतो, रात्र झाल्यासारखं न वाटता गल्लीच बदलल्यासारखं वाटतं. काल मी दुपारी आणि रात्री दहाला एकाच खांबाला टेकून नवे काढले, फोन आडवा धरून. स्टेज आडवं असतं, 480 बाय 360 ठिपक्यांचं. उभा फोटो टाकला की दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे उरतात. सोबत पाठवतोय.

रात्रीच्या फोटोत कोपऱ्यात आजी आहे, हातात गराडूचा दोना. तिला पुसू नकोस, अशी तिची ताकीद आहे.

तुझा,
बाबा