स्वस्त प्रथिनांच्या यादीत बड्याचं का नाही?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत कमी खर्चात प्रथिनं कशी मिळवावीत यावरचा लेख वाचला. सोयाबीन, शेंगदाणे, हरभरे, अंडी सगळं आलं. मांसाहारात चिकन आणि बकऱ्याचं मटण. आमच्याकडे बकऱ्याचं आठशेच्या घरात गेलंय, त्याला कमी खर्च म्हणायचं तर धाडसच हवं. याच शहरात निम्म्याहून कमी भावात बड्याचं मिळतं, म्हणजे म्हशी-रेड्याचं. ते खाणारी कितीतरी घरं तुमचा पेपर घेतात. लेखात त्याचं नावही नाही.

कायद्याची धास्ती असेल, तर मार्च 2015 पासून राज्यात गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीला बंदी आली, पण म्हैस-रेडा त्या बंदीत नाही. कत्तलीआधी दाखला लागतो, तो घेऊन धंदा चालतो. चालतो म्हणायचं एवढंच. 2025 च्या पावसाळ्यात जनावरांच्या गाड्यांच्या वाटेतल्या अडवणुकीला कंटाळून मांसाच्या धंद्यातल्या कुरेशी समाजानं जनावरांची खरेदीविक्रीच बंद ठेवली होती, तेव्हा आमच्या घरात काय शिजलं ते विचारू नका.

मी आरोग्यसेविका होते. रक्त वाढवायला डाळिंब खा, बीट खा, असं सांगत वस्त्यांतून फिरायचं. समोरच्या बाईच्या चुलीवर बड्याची कलेजी शिजत असायची आणि आम्हाला पाहून ती पातेल्यावर झाकण टाकायची. खरं तर कलेजीतलं लोह पालेभाजीतल्या लोहापेक्षा अंगी चांगलं लागतं, बी-12 तर भाजीपाल्यातून मिळतच नाही. झाकण काढ, हेच खा, असं सांगायला हवं होतं. आमच्या छापील तक्त्यात ते नव्हतं. (गरोदरपणात मात्र कलेजी बेतानं, तीत अ जीवनसत्त्व फार असतं. युरिक अॅसिडवाल्यांनीही हात आवरावा.)

तर तुमच्या पाककृतीच्या पानासाठी दोन गोष्टी लिहिते.

दुकानात सगळे बिनहाडाचं मऊ मांस मागतात. तुम्ही बोंग मागा, पायाच्या पोटरीचा भाग. मध्ये नळी, भोवती पांढऱ्या शिरा, बघून वाटतं हे कधी शिजणार! त्या शिरांमुळेच रस्सा दाट होतो. म्हशीचं मांस गडद, जाड धाग्याचं आणि चरबीला कमी, म्हणून घाई केली की चामडं होतं. मसाला वाढवून ते मऊ होत नाही, वेळच द्यावा लागतो. हळद, मीठ, आलं-लसूण लावून तुकडे आधी थोड्या तेलात चांगले लाल करा, पाणी सुटून आटू द्या. मग गरम पाणी. कुकरच्या शिट्ट्या मोजत बसू नका. एक शिट्टी झाली की गॅस बारीक, पाऊण तास, आणि वाफ आपोआप जिरू द्या. त्यानंतर भाजलेला कांदा-खोबरं, काळा मसाला, शेवटी चमचाभर येसर, म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळींचं मसालेदार पीठ. आदल्या रात्री करून ठेवलं तर उत्तम: सकाळी वर चरबीचा थर धरतो, तो काढून टाकता येतो, आणि खालचा रस्सा खरवसासारखा थरथरतो. गरम केला की पुन्हा पातळ. सोबत ज्वारीची भाकरी, दुसरं काही नको.

कच्च्या पपईचा सल्ला सगळे देतात. मला पटत नाही. वरचा थर पिठूळ होतो, आत तसंच.

जीभ लोक घेतच नाहीत, म्हणून स्वस्त. कुकरमध्ये शिजवा आणि गरम असतानाच वरची खरखरीत साल ओढून काढा. गार झाली की ती चिकटून बसते, मग नखं झिजवा. काप करून तव्यावर मिरपूड-लसणीत परता. गोव्यात ख्रिस्ती घरांत मिठात मुरवलेली जीभ सणावाराला मानानं वाढतात. आपल्याकडे ती पिशवीत खाली दडवून आणायची.

मुंडी, पाये, वजडी यांची साफसफाईच मोठी, त्याला स्वतंत्र पान लागेल. चान्यांबद्दल मात्र लिहितेच. उन्हाळ्यात लांब पट्ट्या कापून, हळद-मीठ चोळून दोरीवर वाळवलेलं हे मांस पावसाळाभर पुरायचं. फ्रिज नव्हते त्या काळची सोय. निखाऱ्यावर भाजून कुटा नाहीतर तुरीच्या डाळीत टाका. माझ्या सुनेला वास आवडत नाही, नातू मात्र भाजलेल्या चान्या पापडासारख्या पळवतो.

आमच्या शहराचं नाव काढलं की तुमची पुरवणी नान-खलिया, म्हणजे नानरोटी आणि मांसाचा रस्सा, छापते, तुघलकाच्या फौजेपासूनचा इतिहास सांगते, फोटोही मोठा असतो. खलिया बड्याचाही होतो, हे त्यात कधी येत नाही. बकऱ्याचाच छापायचा असेल तर खुशाल छापा. पण स्वस्त आहाराचा पुढचा लेख लिहिणाऱ्या ताईंनी एकदा सकाळी आठच्या सुमारास सिल्लीखान्यातल्या मांसाच्या दुकानांत येऊन भाव विचारावेत. मी सोबत येईन, पिशवी घेऊन.

नाव छापू नये ही विनंती. घरमालकही तुमचाच पेपर वाचतात.

– एक निवृत्त आरोग्यसेविका, छत्रपती संभाजीनगर